सावित्रीच्या खोऱ्यातली भूरचना आणि तिचे शिक्षण

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत निसर्गाने दिलेली सपाट जमीन थोडी. आज जी सपाट दिसते तिच्यातली बरीचशी माणसांनी पिढ्यानपिढ्या खणून, भरून, दगड रचून केलेली आहे. पूर्वेला सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या माथ्यावर महाबळेश्वर. सावित्री तिथे उगम पावते, घाट उतरून पोलादपुरावरून महाडला येते, महाडच्या परिसरात काळ आणि गांधारी तिला मिळतात आणि पुढे दासगावाखाली खाडी होऊन ती बाणकोटला समुद्राला भेटते. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, तोही जेमतेम चार महिन्यांत. तळाशी काळा कातळ, त्यावर झिजलेला मुरूम आणि तांबडी माती. अशा भूमीत उतार, पाणी, झाडे, वाटा आणि वस्ती यांचा एकत्र विचार केल्याशिवाय राहता येत नाही. हाच विचार आज विद्यापीठांत लँडस्केप आर्किटेक्चर किंवा भूदृश्यरचना या नावाने शिकवला जातो. या खोऱ्यात तो शतकानुशतके कामातून शिकला गेला; पदवीचा विषय मात्र तो इथे झाला नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी खोऱ्याचा इतिहास क्रमाने पाहावा लागतो.

सर्वांत जुना लेखी पुरावा गांधारपाल्याच्या लेण्यांत आहे. महाडच्या वायव्येला, सावित्री आणि गांधारीच्या संगमाकडे तोंड करून असलेल्या डोंगरात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखात कुमार कानभोज विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे. दानात काय काय दिले, याची यादीच लेखात येते: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढी आणि लेण्याला जोडणारी वाट. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. टाकी आणि वाट ही त्या काळी इमारतीच्या मागून आलेली सोय नव्हती, दानपत्रात स्वतंत्रपणे नोंदवावे असे ते काम होते. लेण्यांची जागाही नीट निवडलेली आहे. खाली बंदराकडून घाटाकडे जाणारा व्यापारी मार्ग, समोर नदी, आणि वस्ती पुराच्या पातळीच्या बरीच वर.

लेणी खोदली गेली ती राजे, व्यापारी आणि गृहस्थ यांच्या दानावर. शेताचे बांध घातले ते मात्र नाव नसलेल्या माणसांनी, आणि खोऱ्याचे रूप खऱ्या अर्थाने त्यांनीच बदलले. डोंगरउताराची भातशेती करण्याच्या या कामाला कोकणात मजगी म्हणतात. वरच्या अंगाची माती खणायची, खालच्या अंगाला भरायची, पुढच्या बाजूला दगडाचा किंवा मातीचा बांध घालायचा. हे एका उन्हाळ्यात पुरे होत नसे. आधी वरची कसदार माती बाजूला काढून ठेवावी लागते, नाहीतर सपाटी होते पण पीक येत नाही. खाचराचा तळ इतका समतल हवा की पाणी सगळीकडे सारख्या खोलीने उभे राहील, आणि तरीही जास्तीचे पाणी एका ठरलेल्या तोंडाने खालच्या खाचरात उतरले पाहिजे. वरच्या खाचरातून खालच्यात, तिथून आणखी खाली, शेवटी वहाळात, अशी पाण्याची उतरंड ठरलेली असते. वरचा एक बांध फुटला तर त्याच्या लोंढ्याने खालचे सगळे धोक्यात येतात. म्हणून पावसाळ्यापूर्वीची बांधबंदिस्ती हे एकट्याचे काम नसते. त्यात शेजाऱ्याचे हित आपोआप गुंतलेले असते.

खाचरांच्या वर वरकस जमीन, म्हणजे जिथे भाताला पुरेसे पाणी उभे राहत नाही असा उतार. तिथे नाचणी, वरी, मग तीळ किंवा खुरासणी, आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक. वरकसावरची ऐनासारखी झाडे तोडून टाकत नसत. त्यांच्या फांद्यांचा टहाळ काढून, त्यात पालापाचोळा आणि शेण मिसळून भाताच्या रोपांसाठी राब भाजला जाई. त्याच्याही वर जंगल, आणि जंगलात कुठे कुठे देवराई. वाड्या आणि कोंड बहुधा उताराच्या मधल्या टप्प्यावर वसलेले असतात, कारण तळाची जमीन भाताला हवी आणि पुराचे पाणी घरात नको. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा झाडांबरोबर पाण्याचे झरेही या रायांत टिकून असल्याचे पुढे आले. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत तर राखण झाडांची नसून माशांची आहे. देवीच्या नावाने डोहातले मासे धरले जात नाहीत. डोंगरमाथ्यापासून डोहापर्यंत प्रत्येक पट्ट्याचा वापर ठरलेला होता, आणि एका पट्ट्याचे दुसऱ्याशी नाते होते.

ही व्यवस्था रम्य होती असे समजण्याचे कारण नाही. या भागात खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत नावाचा वतनदार कुळांकडून वसूल करी. ज्या कुळाने मजगी केली त्याच्या नावावर ती जमीन असेलच असे नव्हते, आणि सुधारलेल्या जमिनीचे वाढलेले उत्पन्न खोताच्या वाट्याला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. बांधाचे ज्ञान ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे जमिनीचा अधिकार नव्हता, ही गोष्ट पुढच्या शिक्षणाच्या इतिहासातही आडवी येते. अशा कसबाला विद्या म्हणून मान मिळायला फार काळ लागतो.

राजाश्रयाने झालेल्या भूरचनेचे मोठे उदाहरण रायगड. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरीचा डोंगर शिवाजी महाराजांकडे आला, आणि १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंत त्याची राजधानी झाली. बांधकामाचे श्रेय हिरोजी इंदुलकर यांना दिले जाते. जगदीश्वराच्या मंदिरातल्या संस्कृत शिलालेखात शके १५९६ ची नोंद आहे आणि निर्मात्याचे नाव हिराजी असे येते. या लेखातली वर्णनाची मांडणी लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. विहिरी, कूप आणि तळी आधी येतात, मग रम्य वन, आणि राजवाडे त्यानंतर. काव्याच्या संकेताचा भाग त्यात असणारच. तरीही सुमारे ८२० मीटर उंचीच्या, सगळीकडून तुटलेल्या कड्यांच्या डोंगरावर राजधानी करायची तर कामाचा क्रमही असाच ठेवावा लागला असता.

गडाच्या माथ्यावर नदी नाही. जे पाणी आहे ते पावसाचे, आणि ते साठवायचे तर कातळ फोडावा लागतो. कातळ फोडला की दगड निघतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर तळे आणि खाण या दोन गोष्टी बहुधा एकाच खड्ड्यात होतात: दगड तटाला आणि वाड्यांना जातो, मागे उरलेली पोकळी पाणी धरते. रायगडावरच्या गंगासागराबद्दलही हेच सांगितले जाते. अशा पद्धतीत दगडाची वाहतूक वाचते, खोदाईचा राडारोडा उरत नाही आणि इमारतीच्या शेजारीच पाणी मिळते. गंगासागर, कुशावर्त, कोळिंब, हत्ती तलाव ही तळी माथ्यावर वेगवेगळ्या उंचीवर आहेत, त्यामुळे सगळी भिस्त एकाच साठ्यावर राहत नाही. अर्थात प्रत्येक तळे साधले असे नाही. हत्ती तलाव दीर्घकाळ गळका होता आणि रायगड विकास प्राधिकरणाने अलीकडच्या काळात त्याची गळती काढण्याचे काम हाती घेतले. पायथ्याशी पाचाडला जिजाबाईंच्या वाड्याजवळ तक्क्याची विहीर आहे. तिच्या काठावर टेकून बसायला दगडी तक्क्याची बैठक केलेली आहे. पाणवठा ही लोकांनी थांबण्याची, बोलण्याची जागा असते हे ती बैठक करणाऱ्याने जाणले होते.

या कामामागचे धोरण थोड्या उशिरा, अठराव्या शतकाच्या आरंभी, लेखी झाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गबांधणीबद्दलचा भाग आहे. त्यात आधी पाण्याचा शोध घ्यावा, पाणी नसून स्थळ आवश्यकच असेल तर कातळ फोडून टाकी-तळी करावीत, एका झऱ्यावर विसंबू नये, असे सांगितले आहे. गडावर आधीची झाडे राखावीत आणि नवी लावावीत हेही येते. आरमाराच्या लाकडासाठी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने लेकरांसारखी जपलेली असतात. अगदी जीर्ण झाड घ्यायचे तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. भूरचनेवरचे मराठीतले पहिले पाठ्यपुस्तक कुठले असा प्रश्न कोणी काढलाच, तर आज्ञापत्रातल्या या प्रकरणाचा दावा बराच भक्कम ठरेल. पण ते प्रकरण कारभाऱ्यांसाठी होते. त्याची शाळा झाली नाही.

१८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतरच्या शतकात खोऱ्यावर झालेले सर्वांत मोठे काम रस्त्यांचे. महाबळेश्वरला १८२८-२९ च्या सुमारास थंड हवेचे ठिकाण वसवले गेले. मुंबईकर साहेब आगबोटीने बाणकोट खाडीतून दासगाव-महाडकडे येत आणि जुन्या पार घाटाने वर चढत. १८७६ मध्ये पोलादपुराहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट, तेव्हाचा फिट्झगेराल्ड घाट, तयार झाला. घाटरस्ता म्हणजे उताराला आडवी दिलेली लांबच लांब खाच. वरून येणारे प्रत्येक पाणी ती अडवते, म्हणून दर थोड्या अंतरावर मोरी लागते, वरच्या अंगाला गटार, खालच्या अंगाला दगडी भिंत. हे शास्त्र पुण्याच्या अभियांत्रिकी शिक्षणात होते. तिथे १८५४ साली सुरू झालेली शाळा मुळात बांधकाम खात्याला माणसे पुरवण्यासाठीच होती. रस्त्याच्या हद्दीपलीकडचा उतार मात्र त्या खात्याचा नव्हता.

तो वनखात्याचा झाला. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि टहाळ, राब, दळी (डोंगरउतारावरची फिरती शेती) यांवर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत त्याविरुद्ध इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. या वादात दोन्ही बाजूंकडे तथ्य होते, पण त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जंगल, वरकस, खाचर आणि वहाळ हा जो एक सलग उतार शेतकऱ्याच्या डोक्यात होता, त्याचे कागदावर तुकडे पडले. जंगल वनखात्याकडे, शेत महसूल आणि पुढे कृषी खात्याकडे, रस्ता बांधकामाकडे, तळे नगरपालिकेकडे. शिक्षणसंस्थाही याच तुकड्यांप्रमाणे निघाल्या. महाडसारख्या ठिकाणी भूदृश्यरचनेचे शिक्षण उभे न राहण्याचे मुख्य कारण पैशाच्या तंगीपेक्षा या वाटणीत अधिक आहे.

तळ्याचा प्रश्न निराळ्या मार्गाने देशाच्या इतिहासात गेला. महाडच्या भरवस्तीतले चवदार तळे नगरपालिकेचे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात अस्पृश्यांना पाणी घेता येत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे शुद्धीकरण झाले, डिसेंबरात दुसरी परिषद झाली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. मग दावा चालला. तळ्याभोवतीच्या सवर्णांचे म्हणणे होते की अस्पृश्यांना वगळण्याची परंपरा अनादि आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ती परंपरा सिद्ध होत नाही असा निकाल दिला. सार्वजनिक जागा म्हणजे काय, ती कोणासाठी आखायची, तिथे कोण येऊ शकते, हे भूदृश्यरचनेच्या कुठल्याही वर्गातले पहिले प्रश्न आहेत. भारतात त्यांचा पहिला मोठा खटला एका तळ्याच्या पायऱ्यांवरून महाडला उभा राहिला.

जगात या विद्येला स्वतंत्र व्यवसायाचे रूप एकोणिसाव्या शतकात आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉ यांनी १८५८ मध्ये केला. अमेरिकेतल्या व्यावसायिकांची संस्था १८९९ मध्ये निघाली आणि लगेच १९०० साली हार्वर्डमध्ये ओल्मस्टेडच्या मुलाने अभ्यासक्रम सुरू केला. तो पदवीचा होता, पदव्युत्तर नव्हे. रेखांकन, वनस्पतिशास्त्र, सर्वेक्षण, भूगर्भ आणि रचना अठरा-वीस वर्षांच्या मुलांना एकत्र शिकवायची, अशी त्याची कल्पना होती. ब्रिटनमध्ये रेडिंग येथे १९३० मध्ये पदविका आली.

मुंबईत सर ज. जी. कला विद्यालयातून वास्तुकलेचे शिक्षण विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. ते इमारतीभोवती फिरत राहिले; बाग ही इमारतीच्या पुढची जागा. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ साली लँडस्केप आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम सुरू झाला, तो पदव्युत्तर. त्याच वर्षी वास्तुविशारद अधिनियम झाला, त्याने वास्तुकला परिषद अस्तित्वात आली आणि बी. आर्क. ही पाच वर्षांची पदवी देशभर पायाभूत ठरली. पुढे निघालेल्या संस्थांनी, पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयासह, बहुतांशी दिल्लीचाच साचा घेतला: आधी पाच वर्षे इमारत, मग दोन वर्षे भूमी. भारतीय लँडस्केप आर्किटेक्टांची संस्था, इसोला, २००३ मध्ये स्थापन झाली.

दुसरी वाट शेतीकडून आली. १९७२ मध्येच सावित्रीच्या खाडीपलीकडे दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ निघाले. उद्यानविद्येच्या चार वर्षांच्या पदवीत भूदृश्यरचनेच्या तत्त्वांवर एक विषय असतो, आणि बी. आर्क.मध्ये जागेच्या नियोजनाचा. पहिल्यात झाडे पक्की होतात, उतार निसटतो. दुसऱ्यात आराखडा उत्तम येतो, माती निसटते. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणातल्या वरकसावर आंबा-काजू मोठ्या प्रमाणात उभा राहिला. ते यश उद्यानविद्येचे. त्या वरकसाखालच्या वाडीचा विचार त्या योजनेच्या कक्षेत नव्हता.

दरम्यान वाड्या रिकाम्या होत होत्या. पोलादपूर आणि महाडच्या डोंगराळ भागातली कर्ती माणसे गिरण्यांच्या काळापासून मुंबईला जात आली. भात परवडेनासे झाले तसे वरचे खाचर आधी सुटले, आणि दरवर्षीची बांधबंदिस्तीही त्याबरोबर सुटली. २५ आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे घरे गाडली गेली, आणि महाड शहर पाण्यात बुडाले. दरडीची कारणे एकपदरी नसतात. कातळावरचा झिजलेला जाड थर पाण्याने जड होतो, थरांच्या सांध्यात पाण्याचा दाब वाढतो, पायथ्याशी कुठे उतार कापलेला असतो, वर कुठे पाण्याची जुनी वाट बुजलेली असते. भूशास्त्रज्ञ यातला एक भाग सांगतो, अभियंता दुसरा, शेतकरी तिसरा. पुनर्वसनाची नवी वस्ती आखताना हे तिन्ही भाग एका नकाशावर यावे लागतात.

भूदृश्यरचनेच्या पदवी अभ्यासक्रमाची चर्चा या पार्श्वभूमीवर वजनदार होते. महाडपासून महामार्गाने उत्तरेला थोड्याच अंतरावर, माणगाव तालुक्यातल्या लोणेऱ्याला, १९८९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. आता राज्यभरची महाविद्यालये त्याला संलग्न आहेत आणि त्यांत वास्तुकलेचीही आहेत. विद्यापीठात नवी पदवी सुरू करायची तर विषयाचा आराखडा अभ्यास मंडळातून विद्या परिषदेत जातो, तिथून पुढे शासनाची परवानगी लागते. त्यातली खरी अडचण श्रेयांकांची नसते. अध्यापक कोणत्या पात्रतेचा, पदवीधराला कोणते पद, आराखड्यावर सही करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांना उत्तर देणारी परिषद भूदृश्यरचनेसाठी स्वतंत्र नाही. वास्तुकलेच्या पदवीला जे कवच १९७२ च्या अधिनियमाने मिळाले, ते या पदवीला मिळालेले नाही. त्यामुळे बारावीनंतर थेट या विषयाकडे जाऊ पाहणाऱ्या महाड किंवा पोलादपूरच्या मुलीपुढे आज नेहमीची वाट सात वर्षांची आहे, आणि तीही घर सोडून.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा यादीत घेतली. त्यात रायगड आहे, आणि पोलादपुराच्या माथ्यावरचा प्रतापगडही. नोंद झाली ती सुट्या तटबुरुजांची नव्हे, किल्ला आणि त्याच्या भोवतालची भूमी यांच्या नात्याची. अशा स्थळासाठी व्यवस्थापन आराखडा ठेवावा लागतो: पायथ्याची बांधकामे, वाटा, वाहनतळ, तळ्यांची निगा, कड्यांची स्थिती, घेऱ्यातली झाडी. पुरातत्त्व सर्वेक्षण, रायगड विकास प्राधिकरण, वनखाते, बांधकाम खाते आणि ग्रामपंचायती या सगळ्यांच्या हद्दी त्या एका डोंगरावर एकत्र येतात, आणि प्रत्येकाकडे आपापल्या विषयाचे पदवीधर आहेत.